त्या रात्रीचं गाणं आणि आज हाती आलेली टेप

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका रॉक गायकाने वीसेक वर्षांपूर्वी एका शोमध्ये दुसऱ्याचं जुनं, सगळ्यांना पाठ असलेलं गाणं गायलं. तिथे हजर असलेले चाहते आजही त्याबद्दल बोलतात. आता त्या रात्रीचं रेकॉर्डिंग सापडलं, तुम्ही मोठ्या आशेने ऐकलं आणि हिरमोड झाला. आवाज चिरका, गिटार जवळपास गायब, गाणं आठवणीतल्यापेक्षा छोटं आणि भराभर उरकल्यासारखं. मग इतकी वर्षं आपण उगाच हुरळून बोलत होतो का? आणि मूळ गाणं एवढं थोर असताना दुसऱ्याने एकदाच गायलेलं का मनात बसलं?

मी बरीच वर्षं लाइव्ह शोचं साउंड करते आणि जुन्या टेप साफ करायची कामंही घेते. आधी टेपबद्दल बोलते, कारण तुमचा अर्धा हिरमोड तिथेच सुटेल.

छोट्या किंवा मध्यम हॉलमध्ये गिटारचा अँप (तिचा आवाज मोठा करणारा खोका) स्टेजवरूनच इतका जोरात वाजत असतो की मिक्सरवर गिटारचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) मी जेमतेम वर करते. ड्रमचंही तेच. श्रोत्यांना तोल बरोबर वाटतो, कारण काही आवाज स्टेजवरून थेट येतो आणि काही स्पीकरमधून. मिक्सरमधून थेट काढलेल्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र फक्त स्पीकरच्या वाट्याचा आवाज उतरतो. म्हणून अशा टेपवर गायक कानाशी येऊन बसतो, गिटार दूर कुठेतरी कुरकुरते आणि टाळ्या तर पलीकडच्या खोलीत वाजल्यासारख्या येतात. त्या रात्री गिटार कमी नव्हती. मिक्सरला तिची गरज नव्हती, एवढंच.

प्रेक्षकांतल्या कुणी मोबाइलवर किंवा खिशातल्या रेकॉर्डरवर घेतलेलं असेल तर दुखणं वेगळं. या यंत्रांमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोय असते. गायक कुजबुजला की ती आवाज वर ओढते, बँड तुटून पडला की दाबते. आता विचार करा, जुनं गाणं नव्याने गाताना कलाकाराचं सगळ्यात मोठं हत्यार कोणतं? हेच चढउतार. दोन ओळी जवळजवळ नुसत्या श्वासावर म्हणायच्या आणि तिसरीला छत उडवायचं. यंत्राने या दोन्हींना एका उंचीवर आणून ठेवलं की गाण्याचा कणाच गेला. त्या टेपवर चाल ऐकू येते, शब्द ऐकू येतात, पण घडलेलं काही ऐकू येत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या कानाची. बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये दाखवून दिलं की आवाज हळू असला की माणसाच्या कानाला खालचे, जाड सूर प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात. शोमध्ये बेस छातीत जाणवतो. तेच घरी बेताच्या आवाजात लावलं की बेस कुणी चोरून नेल्यासारखा वाटतो. तेव्हा टेपवर निकाल द्यायच्या आधी ती एकदा चांगल्या हेडफोनवर, थोड्या मोठ्या आवाजात ऐका. थोड्याच म्हणते आहे, कान जपा.

आता आठवणीकडे वळू. माझं म्हणणं एका वाक्यात सांगते: जुनं गाणं गाणारा कलाकार स्टेजवरची वाद्यं तर वाजवतोच, शिवाय समोरच्यांच्या डोक्यात चालू असलेलं मूळ गाणंही वाजवतो. प्रत्येक श्रोत्याला पुढची ओळ माहीत असते, कुठे ड्रम पडणार ते माहीत असतं. कलाकार ते देतो, उशिरा देतो, उलटं देतो किंवा देतच नाही. स्वतःच्या नव्या गाण्यात हे करता येत नाही, कारण तिथे समोरच्याची काही अपेक्षाच नसते. चाहत्यांना जे आठवतं ते या अपेक्षेचं काय झालं ते. आणि टेपवर तुमची अपेक्षा रेकॉर्ड झालेली नसते.

ब्रिटिश गायक जो कॉकरचं उदाहरण घेऊ, कारण त्यात सगळं उघडउघड दिसतं. बीटल्सचं ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’ 1967 च्या ‘सार्जंट पेपर्स’ अल्बममधलं. गाणारा रिंगो स्टार. त्याच्या गळ्याची मर्यादा ओळखून चाल जवळजवळ पाच स्वरांतच फिरती ठेवलेली, फक्त शेवटी एक उंच सूर. चार मात्रांचा, मजेत चालत जाणारा ठेका, लांबी तीन मिनिटांच्या आत. एकूण प्रकृती हसऱ्या, मनमोकळ्या माणसाची.

कॉकरने सगळ्यात आधी ठेका मोडला. चारच्या जागी सहाचा संथ झोका आणला, आपल्याकडचा दादरा फार सावकाश आणि जड हाताने वाजवावा तसा. एवढ्या एका बदलाने ओळींमध्ये मोकळी जागा तयार झाली. मूळ गाण्यात एक ओळ संपते न संपते तोच दुसरी येते. इथे ओळ संपल्यावर ऑर्गन आणि गिटार पसरतात, आणि गायकाला श्वास घ्यायला, कण्हायला, ओरडायला वाव मिळतो. पाच स्वरांतलं गाणं त्याने गळ्याच्या पार टोकाला नेलं. जे गाणं मित्र आहेत म्हणून निवांत होतं, ते मित्र नसतील तर मी संपेन असं म्हणू लागलं. शब्द तेच, सवालजवाबाची रचना तीच. श्रोत्याला ओळख पटवायला त्याने एवढंच शिल्लक ठेवलं.

त्याचं स्टुडिओतलं रेकॉर्डिंग 1968 च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. पण लोकांच्या तोंडी आहे ते 17 ऑगस्ट 1969 चं, अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवातलं. स्टुडिओत मागचे आवाज कसलेल्या गायिकांचे होते. वुडस्टॉकला गायिका नव्हत्या, म्हणून त्याच्या ग्रीज बँडमधले पुरुषच उंच, खोट्या गळ्याने ते जवाब देत होते. ते किंचित खरखरीत आहे, कुठे कुठे फाटतंही. माझ्या मते ते गाणं तिथेच जिंकतं. सफाईदार गायिकांनी ते दिलं असतं तर मदत करणारे मित्र व्यावसायिक वाटले असते. इथे धडपडणारे मित्रच ऐकू येतात.

आणि आता चाहत्यांच्या आठवणीची गंमत बघा. कॉकरचा कार्यक्रम संपला आणि वादळी पाऊस आला, काही तास सगळं ठप्प झालं. तिथे असलेल्यांसाठी ते गाणं आणि तो पाऊस ही एकच आठवण आहे. तिथे नसलेल्यांनी ते 1970 च्या वुडस्टॉक चित्रपटात पाहिलं. त्यांच्यासाठी ते म्हणजे रंगीत शर्टातला, हवेतच गिटार वाजवल्यासारखे हात हलवणारा माणूस. पुढच्या पिढीला ते 1988 पासून ‘द वंडर इयर्स’ मालिकेच्या सुरुवातीला भेटलं, तेही स्टुडिओतलं. तिघेही छातीठोकपणे म्हणतात की आम्हाला कॉकरचं ते गाणं आठवतं. तिघांच्याही म्हणण्यात खोट नाही. गाणी मात्र तीन आहेत.

गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचंही तसंच. ‘सार्जंट पेपर्स’ 1 जून 1967 ला बाजारात आला, आणि 4 जूनला लंडनच्या सॅव्हिल थिएटरमध्ये हेंड्रिक्सने त्याच्या शीर्षकगीतानेच शो सुरू केला. प्रेक्षकांत बीटल्समधले पॉल मॅकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन बसले होते. गाणं अजून जुनं व्हायचं होतं, तरी ते सगळ्यांच्या ओठांवर होतं आणि खुद्द मालक समोर होते. मॅकार्टनी पुढे आयुष्यभर हा किस्सा सांगत आला आहे. म्हणजे इथे चाहता कोण? ज्याचं गाणं तोच.

हेंड्रिक्सने वुडस्टॉकमध्ये वाजवलेलं अमेरिकेचं राष्ट्रगीत मात्र रविवारी रात्री झालं असं अजूनही काही जण सांगतात. ते झालं सोमवारी, 18 ऑगस्टला सकाळी, आणि तोपर्यंत बहुतेक गर्दी घरी निघून गेली होती. ते त्या क्षणी सुचलं हाही एक आवडता समज. हेंड्रिक्स त्याआधीपासून ते शोमध्ये वाजवत होता. त्याने चाल जागच्या जागी ठेवली आणि तिच्या लांब सुरांच्या आत फीडबॅक (अँपचा आवाज गिटारमध्ये परत शिरून होणारी शीळ) आणि ट्रेमोलोच्या (तारा सैल-घट्ट करणाऱ्या) दांड्याने स्फोट, किंकाळ्या, घरंगळत खाली येणारे आवाज भरले. व्हिएतनाम युद्धाच्या काळात ऐकणाऱ्याने त्याचा अर्थ आपापला लावला. स्वतः हेंड्रिक्सला काही आठवड्यांनी टीव्हीवर विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला की मला ते सुंदर वाटलं. सराव केलेलं होतं म्हणून ते कमी ठरत नाही. उलट माझ्या धंद्यातला अनुभव सांगतो की ‘सहज घडलं’ म्हणून लक्षात राहिलेल्या बऱ्याच गोष्टी साउंडचेकला वाजवून पाहिलेल्या असतात.

याच्या उलट टोकाला कर्ट कोबेनचा निर्वाणा बँड. न्यूयॉर्कमधल्या सोनीच्या स्टुडिओत 18 नोव्हेंबर 1993 ला त्यांनी एमटीव्हीसाठी ‘अनप्लग्ड’ (वीजवाद्यांशिवायचा कार्यक्रम) केलं. चौदा गाण्यांपैकी सहा दुसऱ्यांची. त्यांत डेव्हिड बोवीचं 1970 मधलं ‘द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड’. कर्ट कोबेनने त्यात फार काही बदललं नाही. गिटारची ती फिरती सुरावट तशीच, रचना तशीच. बोवी ते गाणं जणू काचेपलीकडून, किंचित नाटकी अंतर राखून गातो. कोबेनने ते अंतर काढून टाकलं, सोबत चेलो ठेवला, आणि तारा अर्धा सूर उतरवून लावलेल्या. बास, एवढंच. कार्यक्रमाचं नाव ‘अनप्लग्ड’ असलं तरी त्याची अकूस्टिक गिटार अँपमधून जात होती आणि तो अँप कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून पुढे मॉनिटरसारखा (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्टेजवरच्या स्पीकरसारखा) दिसणारा खोटा खोका ठेवला होता. त्या गाण्यातली गिटार म्हणूनच जराशी खरचटलेली ऐकू येते. साउंडवाल्यांना असले खोके फार आवडतात, म्हणून सांगितलं.

शेवटचं गाणं होतं जुना ब्लूज गायक लेड बेली गायचा ते ‘व्हेअर डिड यू स्लीप लास्ट नाइट’, मूळचं लोकगीत. ज्यांनी ते पाहिलंय त्या कुणालाही विचारा, कोबेन शेवटच्या ओळीच्या मधोमध थांबतो, डोळे उघडतो, श्वास घेतो, ती जागा सांगेल. अख्ख्या गाण्यातला सेकंदाहून फार मोठा नसलेला तो तुकडा. मघाशी म्हटलं ना, अपेक्षेचं काय झालं ते आठवतं. ओळ पुरी होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ती लटकली. त्यानंतर पुन्हा गाण्याची विनंती झाली तेव्हा त्याने नकार दिला, याच्या पुढे काही जाणार नाही म्हणून.

पण इथे आणखी एक सावधगिरी. 5 एप्रिल 1994 ला कोबेन गेला, आणि हा कार्यक्रम अल्बम म्हणून आला त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला. स्टेजवर लिलीची फुलं आणि काळ्या मेणबत्त्या होत्या, त्या त्यानेच मागितलेल्या. आज ते सगळं निरोपासारखं दिसतं. त्या संध्याकाळी स्टुडिओत बसलेल्यांना तो बँडचा एक वेगळा, जोखमीचा कार्यक्रम होता. मृत्यूनंतर आठवणीचा रंग मागच्या तारखेपासून बदलतो. तुमचा गायकही हयात नसेल, तर चाहत्यांच्या ‘तेव्हाच काहीतरी जाणवलं होतं’ या वाक्यावर मी फार भर देणार नाही.

आठवण किती पक्की वाटते यावरून ती किती खरी ते ठरत नाही, हे मानसशास्त्रात नीट तपासलं गेलंय. 1986 मध्ये चॅलेंजर यान कोसळलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी नाइसर आणि हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून, बातमी कुठे आणि कशी कळली ते लिहून घेतलं, आणि सुमारे अडीच वर्षांनी पुन्हा विचारलं. अनेकांची दुसरी हकिगत पहिलीशी जुळत नव्हती, आणि तरी ती सांगताना त्यांच्या मनात शंका नव्हती. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद दाखवूनही काहींना नवीच आठवण खरी वाटत राहिली. शोच्या आठवणींतही पुष्कळदा हेच दिसतं.

माझ्या पाहण्यात चाहते काय बरोबर सांगतात आणि काय चुकवतात याचा एक ढोबळ नमुना आहे. गाण्याची लांबी जवळजवळ नेहमी फुगलेली असते. क्रम चुकतो, विशेषतः शेवटी शेवटी वाजलेल्या गाण्यांचा. लय आठवणीत संथ होते, प्रत्यक्षात स्टेजवर उत्साहाच्या भरात बँड बहुतेक वेळा रेकॉर्डपेक्षा थोडा पुढेच पळत असतो. कोणत्या शहरात, कोणत्या वर्षी, यातही दोन शो एकमेकांत मिसळतात. पण कुठे सगळं थांबलं, कुणी एकट्याने सुरुवात केली, कोणती ओळ गायकाने सोडून दिली आणि लोकांनी भरून काढली, गाणं ओळखू यायला किती वेळ लागला, या गोष्टी लोक आश्चर्य वाटावं इतक्या अचूक सांगतात. म्हणजे रचनेतले निर्णय लक्षात राहतात, आकडे नाही.

टेपवर हे तपासायची एक सोपी युक्ती सांगते. गाणं सुरू झाल्यावर प्रेक्षकांची आरोळी कुठे पडते ते बघा. पहिल्याच सुरावर पडली तर बँडने मूळ सुरावट जशीच्या तशी वाजवली. पहिल्या ओळीच्या शब्दांवर पडली तर सुरुवात बदलून गाणं लपवलं होतं. कधी आरोळी दोन टप्प्यांत येते: आधी पुढच्या रांगांतले चारदोन जाणकार, मग बाकी हॉल. तो मधला वेळ म्हणजे कलाकाराने लोकांना अधांतरी ठेवलेला वेळ, आणि तुमच्या मित्रांच्या आठवणीतला काटा बहुधा तिथूनच आला आहे.

कॅमेऱ्यासमोर झालेल्या गाण्यांचं प्रकरण आणखी निराळं. 2 डिसेंबर 2012 ला वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये हार्ट बँडच्या अ‍ॅन आणि नॅन्सी विल्सन या बहिणींनी लेड झेपेलिन या बँडच्या सत्कारात, त्यांच्यासमोर ‘स्टेअरवे टू हेवन’ गायलं. ड्रमवर जेसन बोनम, म्हणजे झेपेलिनचा दिवंगत ड्रमर जॉन बोनम याचा मुलगा. शेवटी उलगडणाऱ्या कॉयरच्या (गायकवृंदाच्या) डोक्यावर त्याच्या वडिलांची आठवण म्हणून बोलर हॅट. (कॉयर येतो तिथे मला ते जरा जास्त होतं. पण माझं कोण ऐकतंय.) लोक कशाबद्दल बोलतात? झेपेलिनचा गायक रॉबर्ट प्लँट याच्या डोळ्यांतलं पाणी. पण ते पाणी हॉलमधल्या किती जणांना दिसलं असेल? सत्कारमूर्ती वर सज्जात होते. ते टीव्हीच्या संकलकाने दाखवलं. इथे सगळ्यात प्रबळ आठवण तिथे हजर नसलेल्यांची आहे.

गायक-गिटारवादक प्रिन्सचं 15 मार्च 2004 चं ‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’ तर याचा पाठच. न्यूयॉर्कमध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचा सोहळा, जॉर्ज हॅरिसनला मरणोत्तर मान. स्टेजवर टॉम पेटी, जेफ लिन, स्टीव्ह विनवूड, हॅरिसनचा मुलगा धनी. बराच वेळ प्रिन्स कडेला उभा राहून साधं ऱ्हिदम वाजवतो. 1968 च्या मूळ रेकॉर्डमध्ये एरिक क्लॅप्टनने वाजवलेला मधला सोलो इथे मार्क मान हा गिटारवादक जवळजवळ स्वरागणिक तसाच वाजवतो. आणि मग शेवटची सुमारे तीन मिनिटं प्रिन्सची.

बँडवाल्याच्या नजरेने पाहिलं तर ही मांडणी किती धूर्त आहे. लोकांना ओळखीचा सोलो आधीच मिळालेला आहे. देणं फिटलं. त्यामुळे प्रिन्सला क्लॅप्टनची आठवण सांभाळायची गरज उरत नाही, आणि मागे फक्त तेच ते उतरत जाणारे कॉर्ड फिरत राहतात. त्यावर तो साध्या वाक्यांनी सुरुवात करतो, मग तारा ओढून सूर वर चढवतो, मग वेग, मग मागे प्रेक्षकांवर रेलून पडणं. बहुतेक वादक पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळा दारूगोळा संपवतात. धनी हसतोय, पेटी त्याच्याकडे बघतोय. शेवटी प्रिन्स गिटार वर फेकतो आणि ती खाली येताना कॅमेऱ्यात दिसतच नाही. ती गेली कुठे, यावर लोक अजून बोलतात. 2021 मध्ये त्या सोहळ्याचं चित्रण करणाऱ्याच दिग्दर्शकाने जुन्या चित्रणातून प्रिन्सचे अधिक जवळचे शॉट घेऊन नवं संकलन बाहेर आणलं. आता चाहत्यांपैकी कुणाच्या आठवणीत पहिलं संकलन आहे, कुणाच्या दुसरं. बोलताना एकाच गोष्टीबद्दल बोलल्यासारखे वाटतात.

आणि मग रेकॉर्डिंग नसतं तेव्हा? पुन्हा प्रिन्सच. 26 एप्रिल 2008 ला कॅलिफोर्नियातल्या कोचेला महोत्सवात त्याने रेडिओहेडचं ‘क्रीप’ गायलं, बरंच लांबवून. लोकांनी मोबाइलवर टिपलं, इंटरनेटवर टाकलं, आणि प्रिन्सच्या बाजूने ते हटवायला लावलं गेलं. रेडिओहेडचा गायक थॉम यॉर्क याची प्रतिक्रिया अशी होती की ते परत लावा, गाणं आमचं आहे. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. गाण्याची चाल आणि शब्द लिहिणाऱ्याच्या मालकीचे, त्या रात्रीचा आविष्कार गाणाऱ्याचा. स्टेजवर दुसऱ्याचं गाणं गायला मूळ कलाकाराची वेगळी परवानगी सहसा लागत नाही, अमेरिकेत तो परवाना आयोजक किंवा स्थळ संस्थांकडून एकत्रित घेतं. व्हिडिओ प्रसारित करायचा म्हटलं की मात्र हक्कांचा गुंता सुरू होतो. ते ‘क्रीप’ पुन्हा 2015 च्या सुमारास सहज बघायला मिळू लागलं. मधली वर्षं ते फक्त सांगण्यातून जगलं, आणि सांगण्यातून जगलेलं गाणं दरवर्षी थोडं मोठं होतं. ऐकून काहींची निराशा झाली असणारच. मला ते छान वाटतं, जरी मध्यावर थोडं रेंगाळतं.

मूळ मोठं की कव्हर (दुसऱ्याने गायलेलं), हा वाद मी घालत नाही. एवढंच सांगते की मूळ कलाकारही कधी कधी चाहत्यांच्या बाजूला येऊन बसतात. बॉब डिलनचं ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ 1967 मध्ये आलं, तीन वादकांचं, कोरडं, अडीच मिनिटांचं. पुढच्याच वर्षी हेंड्रिक्सने ते केलं, आणि डिलन 1974 पासून शोमध्ये गाऊ लागला तेव्हा त्याच्या वाजवण्यात हेंड्रिक्सचाच वारा शिरलेला होता. हे त्याने स्वतः लिहूनही ठेवलं आहे. बोवीचा अनुभव थोडा आंबट. त्याने स्वतःचं गाणं गायलं की पोरं येऊन म्हणायची, वा, निर्वाणाचं गाणं घेतलंत. आणि जेफ बकलीने लेनर्ड कोहेनचं ‘हालेलुया’ घेतलं ते मुळात कोहेनच्या 1984 च्या रेकॉर्डवरून नाहीच, जॉन केलच्या 1991 च्या आवृत्तीवरून.

आता तुमच्या टेपचं काय करायचं ते.

ती अजून मित्रांना ऐकवू नका. आधी जितके जण तिथे होते तितक्यांकडून वेगवेगळं लिहून घ्या: गाण्याआधी काय झालं, सुरुवात कोणत्या वाद्याने, दिवे कसे होते, कुठे थांबलं, शेवट कसा झाला. एकत्र बसवून विचारलंत तर सगळ्यात मोठ्याने बोलणाऱ्याची आठवण बाकीच्यांची होते. स्टेजवरून कुणी उचललेला सेटलिस्टचा कागद असेल तर बघा, पण तो ठरलेल्या गाण्यांचा असतो, वाजलेल्या नव्हे, आणि असली जुनी गाणी पुष्कळदा त्यावर लिहिलेलीच नसतात.

गाणं भराभर उरकल्यासारखं वाटतं म्हणालात, तिथे मला वेगाचा संशय आहे. जुन्या कॅसेट रेकॉर्डरची बॅटरी उतरलेली असेल तर टेप हळू फिरत रेकॉर्ड होते आणि नीट मशीनवर लावली की वेगात आणि वरच्या पट्टीत वाजते. सुरावरून दुरुस्ती करायला जाल तर फसाल, कारण पुष्कळ रॉक बँड गिटार अर्धा सूर उतरवून लावतात. त्यापेक्षा शांत जागी विजेची घुंई ऐका. शो अमेरिकेत झाला असेल तर ती 60 हर्ट्झवर किंवा तिच्या पटींवर असायला हवी, युरोपात 50 वर. किती सरकली आहे ते मोजा आणि तेवढाच वेग बदला. बऱ्याचदा एवढ्यानेच गाणं पुन्हा जड पावलांचं होतं.

मिक्सरमधलं आणि प्रेक्षकांतलं अशी दोन्ही रेकॉर्डिंग मिळाली तर नशीबच. पहिल्यात गळा आहे, दुसऱ्यात गिटार आणि हॉल. दोन्ही मिसळताना लक्षात ठेवा, आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. तीस मीटर मागे उभ्या असलेल्याच्या रेकॉर्डरवर तो जवळजवळ 90 मिलिसेकंद उशिरा पोचलेला असतो. स्नेअर ड्रमचा एखादा स्वच्छ ठोका पकडून दोन्ही फाइल त्यावर जुळवा, आणि दर दोनेक मिनिटांनी पुन्हा तपासा, कारण दोन मशीन कधीच एका वेगाने फिरत नाहीत. मोबाइलने दाबून सपाट केलेले चढउतार थोडे हाताने परत आणता येतात. कुजबुजीच्या ओळी दोनतीन डेसिबल खाली, तुटून पडण्याची जागा तेवढीच वर. त्याहून जास्त नको, नाहीतर तुम्ही तुमच्या आठवणीचं मिक्सिंग करायला लागाल. आणि मूळ फाइलला हात लावू नका, तिची प्रत काढून त्यावरच काम करा.